दगड हलत नाही

गेल्या श्रावणात कामानिमित्त मुंबईला गेलो असताना फोर्टातल्या बोरा बाजारात एका दुकानाच्या काचेखाली मी एक कॅमेरा पाहिला, आणि त्यानंतरचे सहा आठवडे तो घ्यावा की घेऊ नये या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. कॅमेरा सोनीचा, ए७ मार्क २. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेला, पूर्ण आकाराच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा (चित्र टिपणाऱ्या पट्टीचा) आणि आरसा नसलेला, म्हणजे मिररलेस. दुकानदाराने नुसत्या बॉडीचे, म्हणजे लेन्सशिवाय, ५२ हजार सांगितले आणि मी काही न बोलता उभा राहिलो तेव्हा तो स्वतःच ४८ वर आला. त्याच कपाटात वरच्या फळीवर २०१८ साली आलेला मार्क ३ होता. तोही वापरलेलाच, पण त्याची किंमत याच्या दीडपटीहून अधिक होती. मी दुकानदाराचा नंबर घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतलो.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता खात्यावर जमा झाला होता आणि घरात त्या रकमेवर दुसऱ्या कोणत्याही गरजेचा हक्क नव्हता, हे आधीच सांगतो, कारण कॅमेऱ्यासाठी हप्ते बांधून घेण्याची वेळ आली असती तर मी त्या काचेपाशी दुसऱ्यांदा थांबलोही नसतो. तरीही शिक्षकाच्या घरात पन्नास हजारांच्या आसपासची रक्कम ही सहज उचलून द्यायची रक्कम नसते. ती कशावर खर्च होते, याचे उत्तर घरातल्यांना आणि त्याआधी स्वतःला द्यावे लागते.

कॅमेरा हवा होता तो वीरगळांसाठी, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या कोरीव स्मारकशिळांसाठी. पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या गावांतून आम्ही पाच-सहा जण रविवारी हिंडतो आणि देवळांच्या ओट्याला टेकवलेले, पारावर मांडलेले, कधी भिंतीत चिणलेले वीरगळ शोधून त्यांची मापे आणि छायाचित्रे घेतो. वीरगळ वाचावा लागतो तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो आणि गोधन राखताना त्याला मरण आले असेल तर शेजारी गाई कोरलेल्या असतात. त्याच्या वर लढाई, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्याशी कलश व चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ही मारणारी जहाजे आणि चक्क नौकायुद्ध आहे. आमच्या भागातले वीरगळ इतके भव्य नाहीत. बहुतेकांची चौकट वीतभर उंचीची, कोरीवकाम उथळ, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाचा आणि शेंदराचा थर. तलवार कोणती, ढाल कोणत्या हातात, घोड्यावर खोगीर आहे की नाही, या गोष्टी त्या उथळ रेषांतूनच ओळखायच्या असतात आणि छायाचित्र नीट नसेल तर घरी येऊन त्या ओळखता येत नाहीत.

अडचण उजेडाची. उघड्यावरचे वीरगळ सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात चांगले टिपता येतात, पण गावकऱ्यांनी आस्थेने उचलून सभामंडपात नेऊन ठेवलेले वीरगळ कायम अंधारात असतात. समोरून फ्लॅश मारला की सगळा उठाव सपाट होतो, म्हणून आमच्यापैकी एक जण बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाईल असा टॉर्चचा प्रकाश धरतो आणि दुसरा छायाचित्र घेतो. ट्रायपॉड लावावा तर त्याचे तीन पाय पसरले की दर्शनाची वाट अडते. शिवाय कित्येक संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. यवतजवळच्या भुलेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर मी असाच अनेकदा भिंतीला पाठ टेकवून, श्वास रोखून उभा राहिलो आहे.

आजवर हे काम मी फोनवर भागवत आलो. फोनचे छायाचित्र पडद्यावर सुरेख दिसते, यात शंका नाही. पण कमी उजेडात चित्रावर जे दाणे उठतात ते पुसून टाकण्यासाठी फोन चित्रावर जी प्रक्रिया करतो तिला दगडाचा खरखरीतपणा आणि टाकीचे घाव यांतला भेद कळत नाही. ती दोन्ही पुसते. मोठे करून पाहिले की वीराचा चेहरा लोण्यातून काढल्यासारखा दिसतो. ज्या घावांवरून कारागिराचा हात ओळखायचा, तेच घाव नाहीसे झालेले असतात.

मी विचारात असतानाच एका रात्री जेवताना माझ्या मुलीने जो प्रश्न विचारला तो मला फार मोलाचा वाटला. ती म्हणाली, "बाबा, दहा वर्षांपूर्वीचा मोबाइल आज कोणी अर्ध्या किमतीत दिला तर तुम्ही घ्याल का?" मी म्हणालो, "नाही घेणार." "मग कॅमेरा का घेताय?" मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. पुढचे काही आठवडे मी या प्रश्नाच्या उत्तरासाठी घालवले, आणि कॅमेऱ्यात नेमके काय म्हातारे होते याचा शोध घेता घेता निर्णयही जवळ येत गेला.

जुना मोबाइल निरुपयोगी होतो तो त्याच्या भोवतीचे जग पुढे गेल्यामुळे. ॲप चालेनासे होतात, सुरक्षेचे अपडेट बंद होतात, नेटवर्क बदलते. कॅमेरा मात्र देवळाच्या सभामंडपात एकटाच काम करतो. त्याला कोणाशी बोलावे लागत नाही. त्याच्या सेन्सरवर २०१४ साली जितके २ कोटी ४३ लाख बिंदू होते तितकेच आजही आहेत, आणि चार वर्षांनी आलेल्या मार्क ३ मध्येही बिंदूंची संख्या जवळजवळ तेवढीच आहे. मार्क ३ चा सेन्सर अंधारात काहीसा सरस आहे हे खरे. पण त्याची जी मोठी मिरवण्यासारखी प्रगती आहे ती आहे पळत्या गोष्टींच्या बाबतीत: फोकससाठी ११७ बिंदूंऐवजी ६९३, सेकंदाला पाच छायाचित्रांऐवजी दहा, शिवाय ४के व्हिडिओ. लग्नाची, क्रिकेटची किंवा पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्याने मार्क २ कडे वळूनही पाहू नये, असे मी कोणालाही सांगेन. माझा विषय मात्र सात-आठशे वर्षे जागचा हललेला नाही, आणि हलला असेल तो शेतातून देवळापर्यंत, चार माणसांच्या खांद्यावरून.

माझ्या कामाला खरोखर लागणारी गोष्ट एकच होती, आणि ती याच कॅमेऱ्यापासून पूर्ण आकाराच्या मिररलेसमध्ये आली: सेन्सरचे स्थिरीकरण. २०१३ साली आलेला पहिला ए७ आणखी स्वस्तात मिळतो, पण त्यात हे नाही. माझ्यासाठी त्या एका वर्षाच्या अंतरात सगळा फरक आहे. मार्क २ मध्ये सेन्सर घट्ट बसवलेला नसून चुंबकांच्या आधारे तरंगता ठेवलेला आहे. हात किती आणि कुठे डुलतो ते आतले जायरोस्कोप सतत मोजतात आणि सेन्सर तितकाच उलट दिशेला सरकतो: वर-खाली झुकणे, डावी-उजवीकडे वळणे, गिरकी घेणे, आणि आडवे व उभे सरकणे, अशा पाच तऱ्हांनी. ५० मिमीची लेन्स हातात धरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा संथ शटर ठेवू नये, असा जुना दंडक आहे. कंपनीचा दावा साडेचार स्टॉपचा आहे. एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट, या हिशेबाने कागदावर हे प्रकरण जवळजवळ अर्ध्या सेकंदापर्यंत जाते.

मी अर्धा सेकंद धरला नाही. सेकंदाचा आठवा भाग धरला, कारण चाळिशी ओलांडल्यावर हात पूर्वीसारखा राहत नाही. टॉर्चच्या उजेडात एफ/४ (लेन्सचे छिद्र किती उघडे, त्याचा आकडा) ठेवून सेकंदाच्या साठाव्या भागात छायाचित्र घ्यायचे तर १२८०० आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे वाढतात) लागतो, आणि मग फोनच्या लोण्याऐवजी रवा पदरी पडतो. तेच छायाचित्र आठव्या भागात घेता आले तर १६०० आयएसओवर काम होते. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात टाकीचे घाव दिसतात किंवा दिसत नाहीत.

याच कारणासाठी इतर पर्यायही तपासून पाहिले. फुजीचा २०१६ चा एक्स-टी२ हाताळायला मला अधिक आवडला. त्याच्या माथ्यावरच्या चकत्या फिरवताना जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्याची आठवण येते, पण त्यात स्थिरीकरण नाही. पाच दिशांचे स्थिरीकरण मिररलेसमध्ये प्रथम आणले ते ऑलिंपसने, २०१२ साली, आणि त्यांचे जुने कॅमेरे बरेच स्वस्तही मिळतात. परंतु त्यांच्या सेन्सरचे क्षेत्रफळ पूर्ण सेन्सरच्या साधारण एक चतुर्थांश असते आणि त्यावर माझी ५० मिमीची लेन्स १०० मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावते. दगड आणि खांब यांच्यामध्ये जिथे दोन पावलांची जागा असते तिथे मागे सरकून सरकून किती सरकणार?

ही ५० मिमीची लेन्स माझ्या मोठ्या काकांची. निकॉनची, हाताने फोकस करायची, एफ/१.८. फिल्मचा जमाना संपल्यावर ती पोलादी कपाटात पडून होती. मिररलेसचा सर्वांत मोठा गुण मला इथे दिसतो. आरसा काढून टाकल्यामुळे सोनीच्या कॅमेऱ्यात लेन्सची बैठक (माउंट, लेन्स अडकवायची कडी) सेन्सरपासून फक्त १८ मिमीवर आहे. निकॉनच्या जुन्या लेन्सना ४६.५ मिमी लागतात. मधल्या २८.५ मिमीची एक पोकळ धातूची नळी बसवली, जिच्यात काच नाही की वीज नाही, की ती लेन्स या कॅमेऱ्यावर चालते. मग मेनूत जाऊन लेन्सचे नाभीय अंतर ५० मिमी आहे असे एकदा हाताने भरायचे, म्हणजे सेन्सर त्या हिशेबाने सरकू लागतो. काकांच्या लेन्सला तिच्या उभ्या आयुष्यात जे मिळाले नव्हते ते असे बॉडीकडून मिळते. नवीन लेन्सचा खर्च वाचतो, हा व्यवहाराचा भाग झालाच.

जुन्या कॅमेऱ्यात म्हातारे होते ते वेगळेच. बॅटरी सर्वांत आधी. या कॅमेऱ्याची बॅटरी नवी असतानाही मागच्या पडद्यावर पाहून सुमारे ३५० आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहून २७० छायाचित्रेच देते. मार्क ३ ची मोठी बॅटरी ७१० देते. सुदैवाने तीच छोटी बॅटरी कंपनीने २०२१ च्या झेडव्ही-ई१० मध्येही ठेवली, त्यामुळे ती अजून सहज मिळते. बॅटरीनंतर रबर सैल होते, कार्डाच्या झाकणाचा खटका झिजतो, चार्जिंगचे भोक ढिले होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एखादी मालिकाच बंद पडते. निकॉन १ आणि सॅमसंग एनएक्स घेतलेल्यांच्या वाट्याला हे आले. कॅमेरा धडधाकट असतो, पण त्याला नवी लेन्स कधीच मिळणार नसते. सोनीची ही बैठक २०१० पासून चालू आहे आणि आजचे कॅमेरेही तिच्यावरच आहेत, म्हणून त्या बाजूने मी निर्धास्त होतो.

वापरलेली वस्तू घेताना माझे तोंड एकदा पोळले आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी एक लेन्स टपालाने मागवली. बाहेरून ती नव्यासारखी होती. पावसाळ्यात ढगाळ आकाशाची छायाचित्रे दुधाळ येऊ लागली तेव्हा मी ती टॉर्चसमोर धरली आणि आतल्या काचेवर, कडेपासून मध्याकडे पसरत गेलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले. बुरशी. विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. दुरुस्त करणाऱ्याने ती काच पुसून दिली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता आणि तो परत येणे शक्य नव्हते. तेव्हापासून मी ठरवले की वापरलेली वस्तू हातात घेतल्याशिवाय घ्यायची नाही, आणि हातात घेतली की घाई करायची नाही. आपल्याकडच्या हवेत, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, हा नियम प्रत्येकाने पाळावा असे मला मनापासून वाटते.

म्हणून सहाव्या आठवड्यात फोन करून कॅमेरा अजून आहे याची खात्री केली ("आहे साहेब, तुमच्यासाठीच ठेवलाय," असे उत्तर आले) आणि काकांची लेन्स, नळी, कार्ड, टॉर्च व पांढऱ्या कागदाची चार पाने पिशवीत घालून पहाटेच्या गाडीने निघालो. दुकानदाराने स्टूल दिले, चहा मागवला आणि मला माझे काम करू दिले. त्याचे मला कौतुक वाटले, कारण गिऱ्हाइकाला तासभर एक वस्तू उलटसुलट करू देणे सोपे नसते.

आधी खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाचा क्रमांक जुळवला, मूळ बिल पाहिले. हे जुळत नसेल तर वस्तू कितीही चांगली असो, ती चोरीची असू शकते. मग बैठकीचे स्क्रू पाहिले. पेचकस लागल्याचे ओरखडे असतील तर कॅमेरा कोणीतरी उघडलेला असतो. इथे ते नव्हते. लेन्स लावून एफ/१६ वर पांढऱ्या कागदाचे मुद्दाम धूसर छायाचित्र घेतले. या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर उघडाच राहतो, त्यामुळे धूळ बसणारच, आणि तीन काळसर ठिपके दिसलेही. दुकानदाराने फुंकणीने दोन उडवले. तिसरा हलला नाही. त्याने ओल्या पट्टीने सेन्सर हलकेच पुसला, मी पुन्हा छायाचित्र घेतले, आणि तो तिसरा ठिपकाही गेलेला पाहून माझा जीव भांड्यात पडला. कारण ओरखडा असता तर तो पुसल्याने जात नाही आणि मला तसेच परतावे लागले असते. पुढे झाकण लावून अंधारात काही सेकंदांचे छायाचित्र घेतले, त्यात दोन-तीन बारीक रंगीत बिंदू चमकले, ते मी मान्य केले. फाइलच्या आत दडलेल्या नोंदीवरून शटर २३ हजारांहून थोडे अधिक वेळा पडले होते. इतक्या वर्षांत एवढेच म्हणजे हा कोणा हौशी माणसाच्या कपाटात राहिलेला कॅमेरा होता.

उरली होती ती खरी परीक्षा. दुकानाला लाकडी माळा होता आणि तिथे चाळीसचा एकच दिवा लोंबकळत होता. मी परवानगी काढून वर गेलो. समोर रिकाम्या खोक्यांची उतरंड होती आणि एका खोक्यावर बारीक अक्षरांत मजकूर छापलेला होता. भिंतीला पाठ न लावता, भुलेश्वरात उभा राहतो तसा उभा राहून, व्ह्यूफाइंडरमध्ये तो मजकूर बारा पट मोठा करून फोकस केला आणि सेकंदाच्या आठव्या भागाला दहा छायाचित्रे घेतली. मग स्थिरीकरण बंद करून आणखी दहा. खाली येऊन दुकानाच्या संगणकावर ती पूर्ण आकारात पाहिली. बंद असतानाच्या दहांत एकही अक्षर लागत नव्हते. चालू असतानाच्या दहांपैकी सातांत मी तो मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

घासाघीस फारशी करावी लागली नाही. बॅटरी खोबणीतून बाहेर काढताना किंचित अडकत होती, म्हणजे फुगू लागली होती. ती मी परत केली आणि तिच्याऐवजी नवी सीलबंद बॅटरी द्यावी, बिलावर बॉडीचा क्रमांक लिहावा आणि आठ दिवसांत दोष निघाला तर वस्तू परत घ्यावी, एवढे मागितले. किंमत ४६ हजारांवर ठरली. मार्क ३ कडे मी निघताना एकदा पाहिले, हे कबूल करतो. वाचलेल्या पैशांतले काही हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ यांत घातले; काटा चाळीस ते पन्नासांच्या मध्ये ठेवायचा. मुलीने घरी कॅमेरा हातात घेऊन वजन जोखले आणि विचारले, "मग मोबाइलचं उत्तर मिळालं का?" मी तिला माळ्यावरची ती दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवली.

पुढच्या रविवारी आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका गावी गेलो. मारुतीच्या सभामंडपात डाव्या कोपऱ्यात एक वीरगळ आहे, ज्याची नोंद आम्ही दोन वर्षांपूर्वी फोनवरच्या छायाचित्रावरून केली होती: चौकटी चार, खालच्या चौकटीत पडलेला वीर, शेजारी तीन गाई. मित्राने डावीकडून टॉर्च धरला. मी गुडघ्यावर बसलो, एफ/४, १६०० आयएसओ, सेकंदाचा आठवा भाग. पुजारीबुवा समई पुढे करू का म्हणाले. मी नको म्हणालो. घरी येऊन चित्र मोठे केले तेव्हा तिसऱ्या गाईच्या पाठीमागे, चौकटीच्या कडेला चिकटून, दोन वाकडी शिंगे आणि एक कान कोरलेला दिसला. शरीर नव्हते, कारागिराला जागा पुरली नसावी. वहीतल्या नोंदीत मी तीनचा आकडा खोडून चार केला.